खानेसुमारीच्या रकान्यात आमचे घर

खानेसुमारी हा शब्द आमच्या वाडवडिलांच्या तोंडचा. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. माणसे मोजण्याआधी घरे मोजावयाची, हे त्या जुन्या शब्दातच सांगून ठेवलेले आहे. सरकारचा क्रम आजही तोच. १६ जून २०२५ रोजी अधिसूचना निघून २०२७ ची खानेसुमारी जाहीर झाली. तिचा पहिला भाग घरयादीचा. त्यासाठी २०२६ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतची मुदत नेमली गेली आणि दर कुटुंबास ३३ प्रश्न विचारावयाचे ठरले. दुसरा भाग माणसांच्या गणतीचा. तो फेब्रुवारी २०२७ साठी नेमला. या गणतीविषयी शिरूर व दौंड तालुक्यांतील आमचे पुष्कळ बंधू म्हणतात, "मोजंनात का, आमचं काय जातंय?" काय जाते, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

या मुलखास मोजणीची ओळख नवी नाही. इंग्रजी अमलाच्या आरंभी, सन १८३० च्या आगेमागे, प्रिंगल नावाच्या साहेबाने पुणे जिल्ह्यातील जमिनीची पाहणी केली. शेताचे उत्पन्न किती, खर्च किती, खर्च वजा जाता उरते किती, असे त्याचे हिशेब कागदावर फार बारीक होते. परंतु ते भरणारे हात खालच्या अंमलदारांचे. खोट्या आकड्यांवर सारा बसला, रयत हैराण झाली व गावे ओस पडू लागली. अखेर १८३५-३६ साली इंदापुरापासून पाहणी नव्याने करावी लागली. मोजणी चुकली की साहेबाचे पुस्तक चुकते एवढेच नाही, कुणब्याचे घर उठते, हा त्यातला धडा.

पुढे १८७४ साली शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या रयतेने सावकाराशी व्यवहार तोडला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि भीमथडी व शिरूर या तालुक्यांतील गावोगाव पसरला. आजच्या दौंडचा मुलूख तेव्हा भीमथडीत मोडत असे. त्या दंग्यात लोकांनी मुख्यतः काय मागितले? सावकाराच्या पेटीतले रोखे, गहाणखते व हुकूमनामे. ते हाती आले तेथे त्यांची होळी केली. आपल्यास वाचता येत नाही अशा कागदाने आपले घर जाते, हे त्या माणसांस पुरते कळले होते. आज आपली मुले वाचती झाली आहेत. तेव्हा कागद जाळण्याचे दिवस गेले; कागद वाचण्याचे आले. आणि आजचा कागद म्हणजे गणकाच्या मोबाइलातला फॉर्म.

फॉर्मात जो प्रश्न नाही त्याचे उत्तर देशात कोठेच नोंदले जात नाही. जो प्रश्न आहे त्याचा अर्थही ज्याने तो लिहिला त्याच्या मनातला असतो. म्हणून फॉर्म कोणते घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला, हे आधी तपासले पाहिजे.

पहिली गोष्ट पत्र्याची. आमच्या गावांत जुने घर असते धाब्याचे किंवा कौलाचे. हात-दीड हात जाड भिंती, वर लाकूड व माती. ते उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार. ते पडले म्हणजे पैशाअभावी माणूस चार खांब रोवून चहूबाजूंनी पत्रा ठोकतो. चैत्र-वैशाखात त्या खोलीत तान्हे मूल निजत नाही आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही. आता सरकारी पाहणीचा न्याय पाहा. २०११ च्या खानेसुमारीत भिंत पत्र्याची व छप्पर पत्र्याचे, तर ते घर कायमचे, म्हणजे पक्के. माती-लाकडाचे धाबे मात्र गवताच्या छपराच्या पंक्तीला, म्हणजे कच्चे.  याचा अर्थ असा की, शेतकऱ्याचे धाबे पडून तो पत्र्याखाली आला म्हणजे सरकारच्या तक्त्यात त्याची उन्नती झाली!

हे केवळ शब्दांचे भांडण नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये देशभर १ लाख ६ हजार ८३८ कुटुंबांस विचारून घरांचा अहवाल केला. त्यात खेड्यांतील १०० कुटुंबांपैकी सुमारे ७७ कुटुंबांची घरे पक्की निघाली. त्या पाहणीच्या व्याख्येतही लोखंडी पत्रा पक्क्या सामानात धरला आहे. तेव्हा या ७७ पैकी सिमेंटची किती आणि पत्र्याची किती, हे विचारल्याशिवाय टाळी वाजविण्यात अर्थ नाही. शिवाय देशभरातून थोडी घरे निवडून केलेली ही पाहणी साऱ्या राज्याचे मान सांगू शकते. शिरूर किंवा दौंड तालुक्याचे सांगू शकत नाही. भाताची परीक्षा शितावरून होते खरी, पण शीत ज्या भांड्यातले त्याच भांड्याची. आमच्या तालुक्याचे, आमच्या गावाचे घर दर घरी जाऊन दिसते ते खानेसुमारीतच. म्हणून तिचे मोल मोठे.

परदेशांत काय चालते तेही पाहावे. इंग्लंडातील घरांच्या पाहणीत नुसती प्रश्नोत्तरे करून थांबत नाहीत. निवडलेल्या घरांपैकी काहींत जाणता सर्व्हेयर जातो आणि ओल व मोडतोड स्वतः तपासतो. अमेरिकेत १९७३ पासून अशी पाहणी आहे. तीत दर दोन वर्षांनी त्याच घरांकडे परत जातात आणि छत गळते काय, उंदीर होतात काय, असेही विचारतात. आमच्याकडे घर चांगले, राहण्याजोगे की मोडकळीस आलेले, एवढ्या तीन शब्दांत निकाल लागतो. भिंत कशाची हे कळले, पण त्या भिंतीआड माणूस कसा जगतो हे कळले नाही, तर मोजून काय मोजले? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या घराची हकीकत त्यांनी उंबऱ्याच्या आत जाऊन सांगितली होती. आणि आमच्या शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक येथे शेतकी खात्याचे डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी कानिटकर यांनी घरोघरची जमीन, कर्ज व मिळकत तपासून १९२१ साली पुस्तक छापले. गावातील बहुतेक कुटुंबांचा जमाखर्च जमत नाही, हे त्यात निघाले. मनावर घेतले तर उंबऱ्याच्या आत जाता येते, याचा दाखला आमच्याच तालुक्यात आहे.

दुसरी गोष्ट चुलीची. ज्यांचे जेवण एका चुलीवर ते एक कुटुंब, अशी खानेसुमारीची व्याख्या आहे. ही व्याख्या आमच्या रीतीस धरूनच आहे. पण तिचा उपयोग कसा होतो ते पाहा. २०११ साली सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना सुरू झाली. त्या दिवशी ज्या घरात एक चूल होती तेथे एक कुटुंब लिहिले गेले. ३ जुलै २०१५ रोजी तिचे ग्रामीण आकडे प्रसिद्ध झाले आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले त्याच यादीवरून वाटली गेली. मधल्या काळात भाऊ वेगळे निघाले, मुलांची लग्ने झाली, एका चुलीच्या तीन झाल्या. यादीत मात्र एकच. वगळलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस' म्हणून पुन्हा पाहणी करावी लागली, आणि २०२४ पासून आणखी एक. त्यातही सर्वांत मागे राहते ती दिराच्या पडवीत वेगळी भाकरी थापणारी विधवा. विचारणाऱ्याने ओसरीवर बसून कारभाऱ्यास विचारले, "घरात किती?" कारभारी म्हणाला, "सारे मिळून नऊ." झाले! त्या बाईची चूल सरकारच्या लेखी विझली.

तिसरी गोष्ट कारागिराची. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, चांभाराची रापी, कुंभाराचे चाक ही राहत्या जागेतच चालतात. मागील खानेसुमारीच्या नियमाप्रमाणे ज्या घराचा दुकानासारखा उपयोग होतो आणि कुटुंबही तेथेच राहते, तेथील खोली राहण्याची खोली म्हणून धरावयाची नाही. म्हणजे त्या कुटुंबास स्वतंत्र खोलीच नाही, असे लिहिले जाते. हे एका अर्थी खरेच आहे. पण त्या खोलीत कसब चालते आणि त्यावर पोट भरते, ही गोष्ट घरे बांधणारांच्या कानी पोचत नाही. म्हणून घरकुल मंजूर होते ते २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह. त्यात भाता कोठे ठेवावा? चाक कोठे फिरवावे? शेतकऱ्याने बैल, म्हैस कोठे बांधावी? गोठ्याचा प्रश्न फॉर्मात नाही, म्हणून नकाशातही नाही. फॉर्म लिहिणाराच्या मनात काम एकीकडे व घर दुसरीकडे असे पगारदाराचे घर आहे. बलुतेदाराचे घर तसे नाही आणि शेतकऱ्याचे तर नाहीच.

चौथी गोष्ट हंगामाची. भीमा व घोड या नद्यांच्या काठी ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. दरसाल दिवाळीच्या सुमारास बीड व अहिल्यानगरकडील ऊसतोडीचे बंधुभगिनी मुलाबाळांसह येतात आणि उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहतात. वाकून आत शिरावे अशी ती कोपी. तिला दार नाही, मोरी नाही. घरयादी होते एप्रिल ते सप्टेंबरात. तेव्हा कोपी मोडलेली आणि माणसे आपल्या गावी. माणसांची गणती होते फेब्रुवारीत; तेव्हा ती फडात. घराचे प्रश्न त्या वेळी पुन्हा विचारीत नाहीत. परिणाम असा की, वर्षातले पाच-सहा महिने ज्या कोपीत बाई बाळंत होते व पोर रांगते, ती कोपी देशाच्या कोणत्याच घरयादीत नाही. आज या शेतात तर उद्या त्या शेतात वाडा बसविणाऱ्या मेंढपाळाच्या पालाची कथा वेगळी नाही. तसेच रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ येथील कारखान्यांत राबणारे तरुण एकेका खोलीत दाटीने राहतात. गणक येतो तेव्हा ते पाळीवर असतात आणि दाराला कुलूप असते. घरपट्टी वाढेल म्हणून मालक भाडेकऱ्यांचे नाव काढीत नाही.

पाचवी गोष्ट जातीची. घरयादीत कुटुंबप्रमुखाविषयी एवढेच विचारतात की तो अनुसूचित जातीचा, अनुसूचित जमातीचा की इतर. त्या 'इतर' नावाच्या एकाच पोत्यात वाड्याचा मालक, पेढीवाला, कुणबी, माळी, धनगर, कुंभार, लोहार, न्हावी, परीट सारे भरले जातात. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांचे तक्ते निराळे निघतात, म्हणून त्यांच्या घरांची दुर्दशा आकड्यांनी दाखविता येते. तो त्यांचा हक्कच आहे. बाकी बहुजनसमाजाच्या घरांविषयी सरकार विचारते, "पुरावा काय?" आणि पुरावा गोळा करणारे तेच. साऱ्या जातींचे आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ साली. २०११ च्या गणनेत जात विचारली, पण आधी जातींची पक्की यादी केली नाही. ज्याने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिले. १९३१ साली ४,१४७ जाती होत्या, त्या जागी ४६ लाख नावे निघाली, असे केंद्र सरकारने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयास सांगितले आणि चुकांचे कारण देऊन आकडे देण्यास नकार दिला. महाराष्ट्राचा अर्ज त्या वर्षीच्या डिसेंबरात फेटाळला गेला. पेरणी वाकडी करावयाची आणि मग पीक वाकडे आले म्हणून रयतेस उपाशी ठेवावयाचे, असा हा प्रकार!

आता ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जात मोजण्याचा निर्णय घेतला, हे चांगले झाले. परंतु जात विचारली जाणार फेब्रुवारीच्या फॉर्मात आणि घर विचारले जाते घरयादीत. हे दोन कागद एकास एक जोडले नाहीत तर कोणत्या जातीचे छप्पर गळते, हे २०२७ नंतरही कळणार नाही. जोडणे अशक्य नाही. घर क्रमांक दोन्हींकडे आहे. इच्छा मात्र पाहिजे.

आता या आकड्यांच्या उपयोगाविषयी. येथे दोन निरनिराळ्या गोष्टी लोक एक समजतात आणि त्यात आपलेच नुकसान होते. खानेसुमारी १९४८ च्या कायद्याखाली होते. तीत सांगितलेली एका घराची माहिती गुप्त असते. ती कोणास दाखविता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यावरून कोणाचे रेशनकार्ड जात नाही की घरपट्टी वाढत नाही. घरकुलाची पाहणी याच्या उलट. तीत तुमच्या नावापुढे तुमचे उत्तर राहते आणि त्यावर देणे-नाकारणे ठरते. २०११ च्या गणनेवरून केलेल्या नियमांत घरात मोटारसायकल किंवा फ्रीज असला की माणूस घरकुलास अपात्र ठरे. दूध घालण्यासाठी घेतलेली जुनी फटफटी ही गवळ्याची श्रीमंती ठरली! २०२४ साली हे नियम काढले आणि महिना १० हजारांची मिळकतीची मर्यादा १५ हजार केली. म्हणजे हे नियम ब्रह्मदेवाने लिहिलेले नव्हते; लोकांनी बोंब मारली म्हणजे बदलतात. पण किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार वा अधिक असली की अपात्र, हा नियम राहिलाच. कर्ज काढण्याची ऐपत हीच श्रीमंती! १८७५ साली ज्यांच्या आज्यापणज्यांनी कर्जरोखे जाळले, त्यांच्या मुलखात हे शहाणपण सांगणाऱ्याने थोडा विचार करावा. तसेच अडीच एकर वा अधिक बागायत असली की अपात्र. सातबाऱ्यावर बागायत लागली म्हणून कालव्याच्या शेपटाला पाणी पोचतेच असे नाही, हे या दोन तालुक्यांत कोणास शिकवावे लागत नाही.

या भीतीमुळे माणूस दोन्हीकडे उलट बोलतो. खानेसुमारीत घाबरून लपवितो आणि घरकुलाच्या पाहणीत, ज्याचा वशिला आहे तो, दोन मजली घर असून मागच्या छपराचा फोटो काढून देतो. पहिल्याने साऱ्या गावाचा आकडा बिघडतो. दुसऱ्याने गरिबाचे घर पळविले जाते. पूर्वी कुलकर्ण्याचे दप्तर अज्ञ रयतेस नागवीत असे, म्हणून आपल्या चळवळीने त्या लेखणीविरुद्ध लढा दिला. आज लेखणी आपल्याच जातभाईच्या, आपल्याच सरपंचाच्या हाती आहे. तो तसेच करू लागला, तर त्यास आपला म्हणून सोडावयाचे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : अन्याय करणारा कोणत्याही जातीचा असो, त्याचे दप्तर उघड्यावर वाचलेच पाहिजे.

सरकारकडे आमच्या मागण्या चार. पत्र्याचे घर पक्क्यात न धरता त्याचा रकाना व तक्ता निराळा काढावा. घरात कसब चालते काय व जनावरे कोठे बांधतात, हे विचारावे आणि घरकुलाचा नकाशा त्याप्रमाणे करावा. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांची व पालांची निराळी पाहणी व्हावी. घर व जात हे दोन कागद जोडून तालुक्यावार तक्ते छापावेत आणि प्रत्येक गावचा तक्ता मराठीत त्या गावच्या चावडीवर लावावा.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो, तुमच्याकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे. खानेसुमारीचा गणक दारी आला तर त्यास ओसरीवरून परत पाठवू नका; छप्पर दाखवा, जे आहे ते खरे सांगा, आणि उत्तर घरातल्या बाईस देऊ द्या, कारण गळणाऱ्या छताखाली भांडे तीच लावते. चूल खरोखर वेगळी असेल तर वेगळी लिहवा. नसेल तर घरकुलासाठी खोटी मांडू नका. आणि घरकुलाची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचवून घ्या. ज्याचे नाव सुटले त्याने लेखी तक्रार द्यावी, ज्याचे नाव खोटे घुसले त्याविरुद्ध चार जणांनी उभे राहावे. ग्रामसभेस न जाता घरी बसून नशिबास बोल लावणाऱ्याचे घर कोणतीही खानेसुमारी उभारून देणार नाही.

आमच्या वाडवडिलांपाशी जमीन होती, कसब होते; कागद मात्र दुसऱ्याच्या हाती होता, म्हणून ते नागवले गेले. आता कागद आपल्या उंबऱ्यावर येत आहे. तो वाचा, आणि खरे असेल तेच त्यावर लिहवा.